साठ की आठ

सहामाहीचे गुण लागले त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे घरी फोन केला. आई शेजारी गेली होती, म्हणून फोन अण्णांनी घेतला. "गणितात साठ पडले," मी म्हणालो. पलीकडे शांतता. मग अण्णांचा आवाज आला, "आठ? शंभरात आठ?" मी ओरडलो, "आठ नाही अण्णा, साठ!" ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. आठ. आरं, मग तिथं जाऊन करतोस तरी काय?" फोनच्या रांगेत माझ्यामागे केरळचे दोन कॅडेट उभे होते. त्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी तेही हसायला लागले. मी "सहा आणि शून्य" असं सांगून पाहिलं, त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी "पन्नास आणि वर दहा" म्हणालो तेव्हा गाडी रुळावर आली.

हाऊसमध्ये आम्हा मराठी मुलांत हा किस्सा बरेच दिवस चालला. 'पन्नास आणि वर दहा' हे माझं नावच पडलं. त्यातला 'स'च नेमका का गळतो आणि त्याचा मेंदूतल्या विजेशी काय संबंध आहे, हे मला हिवाळ्याच्या सुट्टीत कळलं. तेच इथे लिहितोय. घरातली गोष्ट आहे, म्हणून अण्णांना विचारून लिहितोय. ते म्हणाले, "लिही. पण नीट लिही, उगा रडगाणं नको."

अण्णांनी तोफखान्यात बावीस वर्षं नोकरी केली आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचा खटाव तालुका, त्यामुळे फौजी असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं १०५ मिलिमीटरच्या तोफेवर गेली. कानात घालायला कापसाचे, रबराचे बोळे असायचे, पण हुकूम नीट ऐकू यावा म्हणून पुष्कळ जण एक कान मोकळा ठेवत. अण्णाही ठेवत. हे ते अजून थोड्या अभिमानानंच सांगतात.

घरी आल्यावर टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. रस्त्यात कुणी मागून हाक मारली तर ते वळत नसत, त्यामुळे गावात "फौजीला लई गुर्मी" अशी कुजबुज असायची. समोर बसून बोललं तर सगळं कळायचं. मध्ये आई असली तर फारच छान, कारण कुणाचंही वाक्य ती सहजपणे पुन्हा म्हणायची आणि अण्णा आईला उत्तर द्यायचे. मी लहानपणापासून हे पाहत आलो. आमच्या घरी असंच बोलतात, एवढंच मला वाटायचं.

निवृत्तीनंतर ते एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून लागले. तिथल्या एका वरिष्ठाचं म्हणणं पडलं की हा माणूस हाक मारली की मुद्दाम दुर्लक्ष करतो. पाहिजे ते बरोबर ऐकू येतं, नको ते येत नाही. बहिरेपणाचं सोंग आहे. कान तपासून कागद आणा, असा आदेश निघाला. अण्णांना बहिरा म्हटल्याचं काही वाटलं नाही. सोंग हा शब्द मात्र त्यांना फार लागला.

डिसेंबरच्या अखेरीस मी घरी होतो. आई म्हणाली, तू जा बरोबर, तिथं सगळं इंग्रजीत असतं. पहाटेच्या एसटीनं आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरांनी कान पाहून चिठ्ठी लिहून दिली आणि तोंडी सांगितलं, "आधी ऑडिओमेट्री करा, मग बेरा." अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "बघ, तपासायच्या आधीच सांगून मोकळा झाला, बहिरा." डॉक्टरही हसले. बेरा हे एका तपासणीच्या इंग्रजी नावाचं आद्याक्षरी रूप आहे. बाळ जन्मल्यावर त्याला ऐकू येतं की नाही हे पाहायलाही तीच करतात.

ऑडिओमेट्री साधी असते. एका छोट्या बंद खोलीत बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. काचेच्या पलीकडे ऑडिओलॉजिस्ट मॅडम बसतात आणि आवाज कमी-जास्त करतात. २५०, ५०० हर्ट्झचे जाड आवाज, १०००, २०००चे मधले आणि ४०००, ८०००चे बारीक, असे सगळे त्यात येतात. अण्णा खुर्चीत असे ताठ बसले होते, जणू समोर जनरल उभा आहे. बटण दाबताना त्यांचा अंगठा चुकत नव्हता. मी बाहेरच्या बाकावरून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, यांना तर बरंच ऐकू येतं की.

मॅडमनी आलेख काढला, जरा वेळ त्याकडे पाहत बसल्या आणि म्हणाल्या, "काका, आणखी दोन तपासण्या करू. यात तुम्हाला काहीच दाबायचं नाही. तुम्ही नुसतं बसायचं, उत्तर तुमचा मेंदू देईल."

आता मेंदू उत्तर कसं देतो, ते सांगतो. थोडं मॅडमनी समजावलं, थोडं मी परत आल्यावर शाळेच्या ग्रंथालयात वाचलं.

आवाज म्हणजे हवेचा धक्का. तो पडद्यावर बसतो, तीन चिमुकली हाडं तो आत पोहोचवतात आणि मग येतो शंख, गोगलगायीच्या कवचासारखी अडीच वेढ्यांची नळी. त्यात केसांसारखी टोकं असलेल्या पेशींची रांग असते. माणसाच्या एका कानात अशा सुमारे पंधरा हजार पेशी. कुठला आवाज कुठल्या जागी पकडायचा हे ठरलेलं असतं. जाड आवाज शंखाच्या पार आतल्या टोकाला, बारीक आवाज दाराजवळ. पेशी हलली की तिच्यात वीज तयार होते, ती नसेतून मेंदूच्या देठात जाते आणि तिथून टप्प्याटप्प्यानं वर मेंदूच्या सालीवर, कॉर्टेक्सवर पोहोचते. कानाच्या वर, मेंदूच्या एका खोल घडीच्या आत श्रवणाची जागा आहे. तिथंही तसाच नकाशा असतो, जाड आवाज एका बाजूला, बारीक दुसऱ्या.

हजारो पेशी एकाच वेळी पेटल्या की त्यांची वीज डोक्याच्या कातडीपर्यंत पोहोचते. पण किती? टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा. त्या एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट. आवाज ऐकल्यावर कॉर्टेक्सकडून जी लाट उठते ती फार तर पाच-दहा मायक्रोव्होल्टची. आणि मेंदूत त्याच वेळी इतर हजार कामं चाललेली असतात, त्यांचा गोंधळ कधी कधी शंभर मायक्रोव्होल्टपर्यंत जातो. म्हणजे जत्रेत उभं राहून एका माणसाचा श्वास ऐकण्यासारखं.

डोक्याच्या कातडीवरून मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरनं, १९२४ मध्ये. त्यानं ते छापलं १९२९ मध्ये, पाच वर्षं स्वतःवरच शंका घेत. त्याची एक गोष्ट मला अण्णांना सांगावीच लागली. तरुणपणी तो सैन्यात घोडदळात होता. सरावात त्याचा घोडा उधळला आणि बर्गर पडला तो थेट घोड्यांनी ओढलेल्या तोफेच्या वाटेत. चाक अंगावरून जाणार, एवढ्यात तोफ थांबली. त्याच संध्याकाळी घरून तार आली, सगळं ठीक आहे ना? दूर गावी त्याच्या बहिणीला भावावर संकट आल्यासारखं वाटलं होतं आणि तिनं वडिलांना तार करायला लावली होती. एकाच्या मनातलं दुसऱ्याला कळलं कसं, हे कोडं बर्गरला आयुष्यभर सुटलं नाही. मनाची ती ताकद शोधायला म्हणून तो निघाला आणि त्याच्या हाती लागली मेंदूची वीज. अण्णांनी हे ऐकून एकच प्रश्न विचारला, "तोफ थांबवली कुणी?" मी म्हटलं, गाडी हाकणाऱ्यानं. "मग त्याचं नाव लिहिलंय का पुस्तकात?" नव्हतं लिहिलं.

पुढं १९३९ मध्ये पॉलीन डेव्हिस या अमेरिकन संशोधक बाईंनी जागेपणी आवाज ऐकणाऱ्या माणसाच्या मेंदूतली लाट कागदावर दाखवली. पण सगळ्यांच्या डोक्यातून ती दिसेना, गोंधळात बुडून जाई. त्यावर तोडगा लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला काढला, आणि तो इतका सोपा आहे की तो मी ड्रिलवरून समजावू शकतो.

समजा गावच्या जत्रेत हजार माणसं चालताहेत. प्रत्येकाचा पाय वेगळ्या वेळी पडतो. त्यात दहा कॅडेटांची एक तुकडी कदमतालानं चाललीय. एका क्षणाला कान दिला तर नुसता गलका. पण तुकडीच्या प्रत्येक 'एक'ला सुरुवात धरून शंभर वेळा ऐका आणि ते शंभर तुकडे एकमेकांवर ठेवून सरासरी काढा. जत्रेचे पाय कधी आधी, कधी नंतर, एकमेकांना खोडून टाकतात. तुकडीचा पाय दर वेळी त्याच जागी पडतो, म्हणून तो उरतो. डॉसन यांनी मेंदूच्या बाबतीत हेच केलं. आवाज पुन्हा पुन्हा द्यायचा, दर वेळी आवाजाच्या क्षणापासूनची वीज मोजायची आणि सरासरी घ्यायची. शंभर वेळा केलं तर गोंधळ दहाव्या हिश्शावर येतो आणि मेंदूचं उत्तर जागच्या जागी राहतं. आमचे ड्रिल उस्ताद एकाच पावलावरून आम्हाला शंभर वेळा का चालायला लावतात, याचं कारण वेगळं असेल, पण मला त्या दिवसापासून ते जरा पटायला लागलंय.

मॅडमनी अण्णांच्या कपाळाची आणि कानामागची कातडी घासून पुसली, पेस्ट लावून चांदीसारख्या छोट्या वाट्या चिकटवल्या. मुख्य वाटी मात्र कानाजवळ नव्हती, ती डोक्याच्या मधोमध, जिथं जुन्या काळी शेंडी ठेवत तिथं लावली. ऐकण्याच्या तपासणीत तार शेंडीला का? तर श्रवणकेंद्र त्या घडीत आडवं पसरलेलं आहे, त्यातल्या पेशी उभ्या आहेत, त्यामुळे त्यांची वीज वरच्या दिशेला फेकली जाते आणि डोक्याच्या माथ्याजवळ सगळ्यात चांगली सापडते.

आधी बेरा झाली. अण्णा डोळे मिटून पडले आणि कानात टक-टक-टक असे जवळजवळ दोन हजार ठोके गेले. त्यातून मेंदूच्या देठाची उत्तरं मिळतात, पहिल्या दहा मिलिसेकंदांच्या आत. तिथं अण्णा घोरायला लागले तरी चालणार होतं, आणि लागलेच.

दुसरी तपासणी कॉर्टेक्सची. तिच्यात झोपून चालत नाही, कारण झोपेत ही लाट बदलते. म्हणून जागं ठेवायला काहीतरी वाचायला देतात. मी पिशवीत आपल्या मासिकाचा मागच्या वर्षीचा अंक नेला होता, कारण त्यात माझी कविता छापून आली होती आणि ती मी नातेवाइकांना दाखवत फिरत होतो. अण्णा ते मराठी पान उघडून बसले. मॅडमनी सांगितलं, "आवाजाकडं लक्ष द्यायची गरज नाही. वाचत राहा." इथं ठोके धडाधड देत नाहीत, एक-दोन सेकंदांच्या अंतरानं देतात, कारण कॉर्टेक्स लवकर कंटाळतो. एकच आवाज घाईघाईनं दिला तर त्याचं उत्तर बारीक होत जातं.

मला पडद्याजवळ उभं राहू दिलं. ५०० हर्ट्झपासून सुरुवात झाली. आधी नुसती वेडीवाकडी रेघ. दहा वेळा, वीस वेळा आवाज गेला आणि रेघ हळूहळू शांत होत गेली. मग तिच्यात एक आकार उगवला. आवाजानंतर साधारण पन्नास मिलिसेकंदांवर एक लहानसा उंचवटा, शंभरच्या आसपास एक खोल खड्डा आणि दोनशेच्या सुमारास मोठा उंचवटा. अण्णा माझी कविता वाचत होते आणि त्यांचा मेंदू पडद्यावर म्हणत होता, ऐकलं, ऐकलं, ऐकलं.

सेकंदाचा दहावा भाग. धावण्याच्या शर्यतीतले कॅडेट हा आकडा ओळखतील. मोठ्या स्पर्धांत पिस्तूल वाजल्यापासून ०.१ सेकंदाच्या आत जो हलला, तो आवाज ऐकून हललाच नाही, त्यानं अंदाज केला, असं धरतात आणि फॉल्स स्टार्ट देतात. मी शंभर मीटर धावतो. गेल्या वर्षी दोनदा फॉल्स स्टार्ट झालो, तेव्हा मला तो नियम जाचक वाटला होता.

जाड आवाजांना अण्णांच्या मेंदूनं तीस डेसिबलपर्यंत उत्तर दिलं. मॅडम वर सरकल्या. १०००, २०००. उत्तरं उशिरा, पण येत होती. मग ४०००. पंचेचाळीस डेसिबल. रेघ शांत झाली आणि सपाट राहिली. पंचावन्न. सपाट. पासष्ट. सपाट. मी पडद्याकडे बघत होतो आणि खरं सांगतो, मनातल्या मनात त्या रेघेला म्हणत होतो, हल की जरा. पंचाहत्तरला तो ओळखीचा खड्डा अगदी अंधुक दिसला. दुसऱ्या कानाचंही तसंच.

तपासणी झाल्यावर मॅडमनी सकाळचा आलेख आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवला. "काका, सकाळी तुम्ही चार हजारला पंचेचाळीसवर बटण दाबलंत. मेंदूला मात्र पंचाहत्तरच्या आत काही पोहोचलं नाही. दहा-एक डेसिबलचा फरक चालतो. तीसचा नाही चालत." अण्णा गप्प. "ऑफिसनं पाठवलेली माणसं माझ्याकडं येतात. त्यातली काही ऐकू येऊनही दाबत नाहीत. तुम्ही ऐकू न येता दाबलंत. काचेतून माझा हात दिसत होता का?"

"खांदा," अण्णा म्हणाले. "हात न्हाई दिसत. आवाज सोडताना तुमचा खांदा हलतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बेराचा कागद दाखवला, तोही तेच सांगत होता. मग त्यांनी ती 'स'ची गोष्ट मला समजावून दिली. 'आ', 'ओ' हे स्वर जाड, खालच्या पट्टीतले. 'स', 'श', 'फ' यांचा जीव वरच्या पट्टीत, 'स'चा तर बराचसा चार हजार हर्ट्झच्याही वर. तोफेचा, बंदुकीचा आवाज शंखावर आदळतो तेव्हा सगळ्यात आधी मरतात त्या दाराजवळच्या, बारीक आवाजाच्या पेशी. ध्वनीनं बधिर झालेल्या कानाच्या आलेखात चार हजारच्या आसपास खळगा दिसतो तो यामुळेच. या पेशी पक्ष्यांना पुन्हा येतात. माणसाला येत नाहीत. म्हणून अण्णांना माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही. साठातला 'स' गेला की आठच उरतो. सहातला गेला तर उरतं 'अहा', आणि त्यावर कुणी काय करणार!

परतीच्या बसमध्ये बराच वेळ आम्ही बोललो नाही. साताऱ्याच्या अलीकडे अण्णांनी आपणहून सुरू केलं. सैनिकी शाळेतल्या आपल्याला 'शेप' माहीत आहे. वैद्यकीय वर्गवारीतल्या त्या पाच अक्षरांतलं 'एच' म्हणजे ऐकणं. त्यांना नोकरीच्या बाराव्या-तेराव्या वर्षीच कळलं होतं की कान जाताहेत. "सांगितलं असतं तर शेप-वन गेला असता. गनवरून उचलून स्टोअरला बसवलं असतं. कांबळी मोजायला." मग दर वर्षी कुजबूज-चाचणीला रांगेत पुढच्याला काय विचारलं ते आधी विचारून ठेवायचं, बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवायची, पाठ करून उभं केलं तर अंदाज करायचा. त्यांच्याकडे बघून कधी कुणाला शंका आली नाही. "फाटकावरचा तो साहेब म्हणतो सोंग. सोंग तर हाय. त्याला उलटं दिसलं, एवढंच."

ते हे बोलत होते तेव्हा माझ्या डावीकडं बसले होते. एक वाक्य मला नीट लागलं नाही आणि मी "काय?" म्हणालो. अण्णांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मी म्हणालो, "बसचा आवाज." ते खिडकीबाहेर बघायला लागले.

बसचा आवाज नव्हता तो.

ऑक्टोबरात आमचं फायरिंग झालं. उस्तादांनी प्रत्येकाला कानात घालायचे बोळे दिले, घातले की नाही हे फिरून पाहिलं. ते पुढच्या रांगेत गेले तेव्हा मी डाव्या कानातला काढून खिशात टाकला. का, याचं काही मोठं कारण नाही. शेजारच्या मित्रानं काढला होता आणि आम्हाला वाटलं की बोळे पोरासोरांसाठी असतात. त्याशिवाय अण्णांनी एक कान मोकळा ठेवल्याची गोष्ट मी किती वेळा ऐकली होती! रायफल उजव्या खांद्याला लावली की डोकं वळतं, डावा कान नळीच्या तोंडाकडं येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. रायफलीचा दणका दीडशे डेसिबलच्या वर जातो. एकशे चाळीसच्या वरचा एखादाच धक्काही कानाला इजा करू शकतो, हे मला नंतर कळलं.

त्या रात्री लाइट्स आउटनंतर डाव्या कानात बारीक शिटी वाजत होती. उशी कानावर दाबली, तरी वाजतच राहिली, कारण ती बाहेर नव्हतीच. दोन दिवसांत पुष्कळ कमी झाली, पण गेली नाही. आपल्याकडं रात्री देवदारांतून वारा सुटतो तेव्हा ती ऐकू येत नाही. वारा पडला की येते. मी कुणालाच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी एनडीएची परीक्षा, मग वैद्यकीय तपासणी, परीक्षकाकडं पाठ करून ६१० सेंटिमीटरवरून कुजबूज ऐकायची. मी तर चक्क मित्राला कुजबुजायला लावून सराव सुरू केला होता आणि नेहमीचे आकडे पाठ करत होतो.

म्हणजे बाप-लेक एकाच रांगेत उभे होतो आणि पुढच्याला काय विचारलं ते विचारत होतो.

सुट्टीनंतर शाळेत आलो तरी दोन आठवडे मी टाळलं. या काळात वाचताना मला एक गोष्ट सापडली, तिनं मला फार छळलं. फिनलंडच्या रिस्तो नाटानेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं की एकसारख्या आवाजांच्या माळेत मध्येच एक वेगळा आवाज आला, तर माणूस पुस्तक वाचत असला, आवाजाकडं त्याचं लक्ष नसलं तरी मेंदू एक वेगळी लाट उठवतो. बदल झाला, हे त्याला तुमच्या परवानगीशिवाय कळतं. आपण ढगांच्या गडगडाटात झोपतो आणि उस्तादांच्या शिटीनं उठतो, त्यामागंही मेंदूची अशीच काहीतरी पहारेदारी असणार. मला वाटायचं, मी शिटीकडं दुर्लक्ष करतोय म्हणजे ती नाही. आत तर कुणीतरी रोज नोंद करत बसलेलं होतं.

शेवटी एका गुरुवारी पीटीनंतर मी एमआय रूममध्ये गेलो. डॉक्टरसाहेबांना वाटलं पाय मुरगळला असेल. मी सांगितलं, बोळा मीच काढला होता, ऑक्टोबरात. त्यांनी रागावून घेतलं, मग लगेच तपासायची व्यवस्था केली. असं झालं तर त्याच दिवशी यायचं असतं, एवढं ते दोनदा म्हणाले. मी ते इथं मुद्दाम लिहितोय, कारण माझ्या शेजारच्या मित्रानंही तेव्हा बोळा काढला होता आणि तो हे पान वाचणार आहे.

तीच बंद खोली, तेच बटण. इथं मात्र ऑपरेटर काचेला पाठ करून बसले होते, खांदा बघायची सोय नव्हती. डाव्या कानात चार हजारचा आवाज सुरू झाला तेव्हा माझी शिटी आणि तो आवाज मला वेगळे करता येईनात. दोन्ही एकाच पट्टीतले. आवाज आला की शिटीच वाजतेय? अंगठा बटणावर होता. अंदाजानं दाबता आलं असतं, आवाज साधारण किती वेळानं येतो हे मला आता कळलं होतं. मी अंगठा उचलून गुडघ्यावर ठेवला आणि खात्री वाटली तेव्हाच दाबलं.

डाव्या कानात चार हजारला लहान खळगा निघाला. उजवा स्वच्छ. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलंय, पुढचं तेव्हा. तोवर फायरिंग बंद, आणि माझं नाव त्या यादीतून खोडलेलं सगळ्यांनी पाहिलंय.

अण्णांना त्या कागदानंतर दोन्ही कानांत श्रवणयंत्रं बसली. पहिल्या दिवशी ते म्हणाले, चमचे फार वाजतात आपल्या घरात. कारखान्यात त्यांना फाटकावरून उठवून आत नोंदवहीवर बसवलंय, स्टोअरसारखंच काम, पण त्याबद्दल ते काही बोलत नाहीत.

मागच्या रविवारी फोनवर मी त्यांना माझ्या कानाचं सांगितलं. आईला आधी नाही, त्यांनाच. सगळं सांगितलं, बोळा, शिटी, पाठ केलेले आकडे, खळगा. पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग अण्णा म्हणाले, "परत सांग. नीट ऐकू आलं न्हाई."

यंत्रं कानात होती, हे मला माहीत होतं. मागं रांगेतला मुलगा घाई करत होता. मी फोन उजव्या कानाला नीट लावला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.